चित्राखालची ओळ

लखनौच्या सिकंदर बागेचे एक छायाचित्र आहे. फेलिस बिआटो या छायाचित्रकाराने ते १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये काढले. मागे तोफांच्या माऱ्याने खिळखिळी झालेली इमारत, तिचे खांब, पडझड. मध्ये चार भारतीय माणसे आणि एक घोडा. पुढच्या मोकळ्या अंगणात काहीतरी पसरलेले आहे, ते आधी पडक्या भिंतीचा चुरा वाटते. जरा वेळ पाहिले की एखादी कवटी ओळखू येते, मग बरगड्या, मग मांडीची लांब हाडे. त्यानंतर त्या अंगणाकडे पूर्वीच्या नजरेने पाहता येत नाही.

बिआटोच्या संग्रहात या चित्राखाली एक इंग्रजी ओळ आहे. तिचा मराठी अर्थ असा: ९३ वी हायलँडर्स आणि ४ थी पंजाब पलटण यांनी २,००० बंडखोरांची कत्तल केल्यानंतर सिकंदर बागेचा अंतर्भाग, सर कॉलिन कॅम्पबेल यांचा पहिला हल्ला, नोव्हेंबर १८५७. ही ओळ मी पुष्कळ वेळा वाचली आहे. मारणाऱ्या दोन्ही पलटणींची नावे तीत क्रमांकासह आहेत. सेनापतीचे नाव किताबासह आहे. मेलेल्यांचा फक्त आकडा आहे आणि तोही गोल.

हे छायाचित्र आता सगळीकडे भेटते. शाळेच्या प्रदर्शनातल्या फलकावर भेटते, स्वातंत्र्यदिनाच्या पुरवण्यांत भेटते, फोनवर तर दर ऑगस्टला येतेच. बहुतेक वेळा ती मूळची ओळ गळालेली असते आणि तिच्या जागी ‘१८५७ च्या लढाईचे प्रत्यक्ष दृश्य’ असे काहीतरी लिहिलेले असते. एका प्रदर्शनात मी आयोजकांना म्हटले की हे लढाईचे दृश्य नाही, खाली तेवढे लिहा. ‘लोकांना इतके बारकावे नको असतात,’ असे उत्तर मिळाले. हा लेख त्या उत्तराशी भांडण्यासाठी आहे. लोकांना हे बारकावे हवे असतात, आणि ते देणे हे जुनी युद्धचित्रे छापणाऱ्या, टांगणाऱ्या, पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे, असे माझे म्हणणे आहे.

सिकंदर बागेची लढाई १६ नोव्हेंबर १८५७ ला झाली. रेसिडेन्सीत, म्हणजे लखनौतल्या इंग्रज प्रतिनिधीच्या निवासात, अडकलेल्या इंग्रजांना सोडवून कॅम्पबेल माघारी गेला आणि लखनौ पुन्हा उठाववाल्यांच्या हाती राहिले. ते परत इंग्रजांनी घेतले ते पुढच्या मार्चमध्ये. बिआटो फेब्रुवारीत कोलकात्याला उतरला होता. तो सिकंदर बागेत पोचला तेव्हा लढाईला चार-पाच महिने होऊन गेले होते. त्या काळी लखनौत असलेल्या सर जॉर्ज कॅम्पबेल या मुलकी अधिकाऱ्याने आपल्या आठवणींत नोंदवले आहे की प्रेते झाकली गेली होती, पण छायाचित्रकाराने चित्र घेण्यासाठी ती उघडी करण्याचा आग्रह धरला. हाडे पुरलेली होती की तशीच उघड्यावर पडलेली होती, यावर अभ्यासक वाद घालतात. पण इतक्या महिन्यांनंतर अंगणाच्या ऐन पुढच्या भागात ती अशी पसरलेली दिसावीत, हे आपोआप घडलेले नाही. ते कॅमेऱ्यासाठी मांडलेले आहे. ही मांडणी कोणासाठी होती तेही स्पष्ट आहे. बिआटोची ही चित्रे पुढे लंडनमध्ये विक्रीला होती. घेणारे इंग्रज होते आणि त्यांना बंडाचा बदला घेतला गेल्याचे पाहायचे होते.

म्हणजे जे चित्र आपण आज आपल्या हुतात्म्यांचे म्हणून छातीशी धरतो, ते मुळात त्यांना मारणाऱ्यांच्या विजयाचे स्मरणचिन्ह म्हणून तयार झाले. म्हणून ते टाकून द्यावे असे मी म्हणत नाही. मात्र हे न सांगता ते दाखवणे म्हणजे मेलेल्यांना दुसऱ्यांदा त्याच हेतूसाठी वापरणे आहे.

इथे थोडे तंत्राबद्दल सांगायला हवे, कारण त्याशिवाय हा प्रश्न नीट कळत नाही. त्या काळची चलतीची पद्धत ओल्या कोलोडिअनची. इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ती १८५१ मध्ये जाहीर केली. काचेवर कोलोडिअनचा चिकट थर ओतायचा, काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची आणि चित्र घेतल्यावर वाळायच्या आत अंधारात धुऊन पक्की करायची. सगळे मिळून दहा-पंधरा मिनिटांचे काम, आणि उन्हाळ्यात तेवढीही सवड नाही. त्यामुळे अंधारी खोली बरोबर बाळगावी लागे. क्रिमियाच्या युद्धावर गेलेल्या रॉजर फेंटन या इंग्रज छायाचित्रकाराने एका मद्यविक्रेत्याची जुनी घोडागाडी घेऊन तिचीच अंधारी खोली केली होती. कॅमेऱ्याचे झाकण काही सेकंद उघडे ठेवावे लागे. फेंटनला तीनपासून वीस सेकंदांपर्यंत लागत. तेवढ्या वेळात धावणारा शिपाई काचेवर उमटत नाही. घोडदौड उमटत नाही, तोफेचा भडका उमटत नाही. उमटतो तो स्थिर राहणारा. खुर्चीत बसून श्वास रोखण्याइतकी फुरसत असलेला सेनापती उमटतो, आणि मेलेला शिपाई उमटतो. लढाईतली हीच दोन माणसे त्या कॅमेऱ्याला मानवली.

तंत्राचा दोष इथपर्यंतच. कोणाचे प्रेत दाखवायचे आणि कोणाचे नाही, हे काचेने ठरवलेले नाही. १८६० मध्ये बिआटो इंग्रज-फ्रेंच फौजेबरोबर चीनला गेला. २१ ऑगस्टला ताकूचा किल्ला पडल्यावर तो आत शिरला. तिथे हजर असलेला लष्करी डॉक्टर डेव्हिड रेनी लिहून गेला आहे की चिनी सैनिकांची प्रेते तोफेभोवती पडलेली पाहून बिआटो कमालीचा उत्तेजित झाला, त्या दृश्याला सुंदर म्हणाला आणि आपले चित्र होईपर्यंत कुणी त्याला हात लावू नये म्हणून विनवू लागला. किल्ला घेताना इंग्रज आणि फ्रेंचही मेले होते. बिआटोच्या चित्रांत मात्र फक्त चिनी प्रेते आहेत. त्याच मोहिमेचा सेनापती सर होप ग्रँट याचे मात्र त्याने रीतसर व्यक्तिचित्र काढले. लखनौलाही असेच. कॉलिन कॅम्पबेल आणि त्याचा सहकारी विल्यम मॅन्सफिल्ड यांचे बिआटोने काढलेले चित्र आज उपलब्ध आहे. एकाच माणसाच्या एकाच कॅमेऱ्यातून सेनापती नावानिशी आणि शिपाई आकड्याने जगासमोर गेले.

या प्रकाराची सुरुवात आपल्याच उपखंडात झाली, हे फारसे सांगितले जात नाही. जॉन मॅककॉश हा बंगाल लष्करातला स्कॉटिश शल्यवैद्य. १८४८-४९ च्या दुसऱ्या शीख युद्धात तो कॅमेरा घेऊन होता, आणि युद्धावर छायाचित्रे काढणारा नावानिशी माहीत असलेला पहिला माणूस म्हणून त्याच्याकडे बोट दाखवले जाते. अमेरिका-मेक्सिको युद्धातल्या काही डॅगेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावरची सुरुवातीची छायाचित्रे, त्याच्याही आधीच्या आहेत, पण त्या बहुतेक अनाम हातांच्या. मॅककॉशने लॉर्ड गफचे चित्र घेतले. हा त्या युद्धातला इंग्रजांचा सरसेनापती. १३ जानेवारी १८४९ ला चिलियनवालाला त्याच्या फौजेची एवढी हानी झाली की इंग्लंडात ओरड झाली आणि त्याच्या जागी चार्ल्स नेपियरला पाठवावे लागले. मॅककॉशने नेपियरचेही चित्र घेतले. चिलियनवालाचे प्रेतांचे मैदान त्याच्या संग्रहात नाही. पराभवाच्या उंबरठ्यावरून परतलेला सेनापतीसुद्धा चित्रात सेनापतीच दिसतो, आणि त्याच्या हुकमाने मेलेले कुठेच दिसत नाहीत.

मॅककॉशच्या त्याच संग्रहात मुलतानचा दिवाण मूलराज आहे. मुलतान त्याने महिनोन्महिने लढवले आणि जानेवारी १८४९ मध्ये शरणागती पत्करली. त्याचे चित्र लाहोरला घेतले गेले, तेव्हा तो कैदी होता. नऊ वर्षांनी हेच पुन्हा घडले. बहादूरशहा जफर यांचे प्रसिद्ध छायाचित्र मे १८५८ मध्ये दिल्लीच्या कैदेत रॉबर्ट टायटलर आणि चार्ल्स शेफर्ड यांनी काढले. बिछान्यावर कलंडलेला, ऐंशी ओलांडलेला म्हातारा, खोल गेलेले डोळे. रंगूनला पाठवण्यापूर्वीचे ते चित्र. हा मोगल बादशहा आपल्या पिढ्यांना याच चेहऱ्याने ओळखीचा आहे. कॅमेरा आमच्या बाजूच्या माणसांपर्यंत पोचला तो असा, बेड्या पडल्यानंतर.

याच्या शेजारी रॉबर्ट ली याचे चित्र ठेवून पाहा. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेचा हा सेनापती हरला. शरणागतीनंतर आठवडाभरातच, एप्रिल १८६५ मध्ये, छायाचित्रकार मॅथ्यू ब्रॅडी रिचमंडला त्याच्या घरी गेला. लीने परवानगी दिली, गणवेश चढवला आणि घराच्या मागच्या दारापाशी तो कॅमेऱ्याकडे रोखून पाहत बसला. त्या चित्रांत हार कुठेही दिसत नाही. मूलराजही हरलेला आणि लीही हरलेला, पण एकाला स्वतःचे चित्र कसे असावे हे ठरवता आले आणि दुसऱ्याला ठरवता आले नाही. दक्षिणेत पुढे लीला देवपण देण्याची जी लाट आली, तिला असे करारी चेहरे फार उपयोगी पडले. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या फौजेचा हा सेनापती रिचमंडच्या मुख्य रस्त्यावर पुतळा होऊन शतकाहून जास्त काळ उभा राहिला. तो २०२१ मध्ये उतरवला गेला.

फेंटनकडे परत येतो, कारण त्याच्यावर अन्याय करायचा नाही. मँचेस्टरचे प्रकाशक टॉमस अ‍ॅग्न्यू यांनी १८५५ मध्ये त्याला क्रिमियाला पाठवले. राणी व्हिक्टोरियाचा पती प्रिन्स अल्बर्ट याची ओळखपत्रे त्याच्या खिशात होती. त्याच्या आदल्या हिवाळ्यात इंग्रज फौजेचे जे हाल झाले, जी माणसे लढाईपेक्षा किती तरी जास्त पटकी आणि हगवणीने मेली, त्याच्या बातम्यांनी लंडन पेटले होते. फेंटनने साडेतीनशेहून जास्त चित्रे आणली आणि त्यांत एकही प्रेत नाही. तंबूंच्या पुढे बसलेले अधिकारी आहेत, घोडे आहेत, बंदर आहे. ७ जून १८५५ चे इंग्रज सेनापती लॉर्ड रॅग्लन, तुर्की सेनापती उमर पाशा आणि फ्रेंच सेनापती पेलिसिए यांच्या युद्धमसलतीचे चित्र आहे. वॉटर्लूला उजवा हात गमावलेला रॅग्लन त्यात इतर दोन सेनापतींच्या बरोबरीने शोभतो. १८ जूनला त्याचा मोठा हल्ला फसला आणि २८ जूनला तो स्वतःच आजारपणात वारला. चित्र मात्र त्या निर्धास्त सकाळीच थांबले आहे.

फेंटनचे सगळ्यांत गाजलेले चित्र निर्जन दरीचे आहे. नाव, मृत्युछायेची दरी. रस्त्यावर तोफगोळे विखुरलेले. याच जागेची, त्याच कोनातून घेतलेली दुसरी काच सापडली तेव्हा घोटाळा झाला, कारण तीत रस्ता मोकळा आहे आणि गोळे कडेच्या चरात आहेत. कुठले आधीचे? गोळे रस्त्यावर मांडले की रस्त्यावरून उचलले? अमेरिकी चित्रपटकार एरॉल मॉरिस याने यासाठी थेट क्रिमिया गाठले. शेवटी दोन्ही चित्रांतले छोटे दगड जुळवून पाहिल्यावर ते उतारावर कुठून कुठे घसरले आहेत हे दिसले, आणि मोकळा रस्ता आधीचा ठरला. गोळे नंतर रस्त्यावर आले. दीडशे वर्षांनी पायाखालच्या खड्यांनी साक्ष दिली! मला या शोधात फेंटनची बदनामी दिसत नाही. ती दरी खरोखर मरणाची होती आणि गोळे खरोखर तिथेच पडलेले होते. पण चित्राखाली हे लिहिलेले असले की पाहणारा अधिक लक्ष देऊन पाहतो, हे मी स्वतः अनुभवले आहे.

अमेरिकनांनी मेलेल्यांकडे कॅमेरा वळवला तेव्हा समाज हादरला होता. यादवी युद्धातल्या १७ सप्टेंबर १८६२ च्या अ‍ॅन्टिटमच्या लढाईनंतर दोन दिवसांतच अलेक्झांडर गार्डनर आणि जेम्स गिब्सन यांनी रणांगणावरच्या प्रेतांची चित्रे घेतली आणि ऑक्टोबरात ती ब्रॅडीच्या न्यूयॉर्कमधल्या दालनात लागली. न्यूयॉर्क टाइम्सने लिहिले की ब्रॅडीने प्रेते आणून आमच्या अंगणात ठेवली नसतील, पण त्याच्या जवळपासचे काहीतरी केले आहे. त्याच गार्डनरने पुढच्या वर्षी गेटिसबर्गला एका तरुण सैनिकाचे प्रेत सुमारे ४० यार्ड हलवून दगडांच्या आडोशाला ठेवले, जवळ बंदूक टेकवली आणि चित्राखाली नेमबाजाच्या एकाकी मृत्यूची करुण गोष्ट लिहिली. विल्यम फ्रासानिटो या अभ्यासकाने १९७० च्या दशकात प्रत्यक्ष जागेवरचे दगड आणि चित्रे जुळवून हे उघडकीला आणले. तोवर शंभरावर वर्षे त्या मुलाला लोक नेमबाज समजत होते. त्याचे खरे नाव तर हरवलेच, पण त्याला एक खोटा मृत्यूही चिकटवला गेला. या चित्रात खोटेपणा आला तो मुख्यतः चित्राखालच्या ओळीतून.

सेनापतींच्या चित्रांतली लबाडी वेगळ्या जातीची. घोड्यावर बसलेला यादवी युद्धातला उत्तरेचा सेनापती जनरल युलिसिस ग्रँट, मागे छावणी, असे एक चित्र अनेक वर्षे खरे म्हणून चालले. ते साधारण १९०२ साली ब्रॅडीचा भाचा लेव्हिन हँडी याने तीन काचांमधून जोडलेले आहे. डोके ग्रँटचे, १८६४ च्या दुसऱ्याच चित्रातले. घोडा आणि धड जनरल मॅककुक याचे. मागची माणसे ही ग्रँटची फौज तर नव्हेच, ते दक्षिणेचे पकडलेले युद्धकैदी आहेत. हे चित्र वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे, आणि तिथल्या लोकांनी केलेली गोष्ट मला अनुकरणीय वाटते. त्यांनी ते चित्र काढून टाकले नाही. ज्या तीन चित्रांतून ते जोडले ती शोधली आणि सगळा उलगडा लोकांसमोर ठेवला. आज ते बनावट चित्र एखाद्या खऱ्या चित्राइतकेच शिकवून जाते.

आता आपल्या घराकडे. दरवर्षी जूनच्या मध्यावर, राणी लक्ष्मीबाईंच्या पुण्यतिथीला, माझ्या फोनवर त्यांचे ‘एकमेव अस्सल छायाचित्र’ येते. १८५० साली कोलकात्याच्या कुणा युरोपीय छायाचित्रकाराने ते काढले, असे सोबत लिहिलेले असते. ते चित्र कुणाच्या संग्रहातून कुणाकडे आले आणि त्यातली स्त्री राणीच आहे हे कोणत्या कागदावरून ठरले, हे सांगणारा मला आजवर भेटलेला नाही. मग दुसऱ्या वर्षी वेगळाच चेहरा येतो. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले, रंगीत, पापण्या लववणारे चेहरे येऊ लागले आहेत. पाठवणाऱ्यांच्या मनात भक्ती असते, हे मला मान्य आहे. मलाही त्या माउलीचा चेहरा पाहायचा आहे. म्हणूनच कुणा अनोळखी बाईचा चेहरा तिचा म्हणून माझ्यावर लादलेला मला सोसत नाही.

चेहरा नसला तर राणी हरवते का? १८५४ मध्ये जॉन लँग हा वकील झाशीला गेला होता. बोलणे पडद्याआडून चालले असताना छोट्या दामोदररावाने पडदा सरकवला आणि लँगला राणी क्षणभर दिसली. ते दिसणे त्याने लिहून ठेवले आहे. आणि आपल्या भाषेत तर वरसईच्या विष्णुभट गोडश्यांनी लिहिलेले आहे. दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेलेला हा कोकणातला भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडला. राणीचा व्यायाम, तिचा पेहराव, तिचे न्यायनिवाडे त्यांनी जवळून पाहिले, आणि एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजची फौज शहरात शिरल्यावर झालेली कत्तल लपून बसून सोसली. उतारवयात त्यांनी ते मराठीत उतरवले. झाशीच्या गल्ल्यांतल्या त्या प्रेतांचे चित्र घ्यायला कुणी बिआटो तिथे नव्हता. गोडश्यांचे शब्द हेच झाशीचे आपले युद्धचित्र आहे. ते पानापानाला सांगतात की हे कोण पाहतो आहे, कुठून पाहतो आहे, कशाने थरथरतो आहे. खोट्या छायाचित्रापेक्षा हा ऐवज शतपटीने मोलाचा, आणि तो पुढे पाठवायला कुणालाही अडचण नाही.

नानासाहेबांचे प्रकरण याहून बोलके आहे. इंग्लंडला १८५७ मध्ये त्यांचा चेहरा हवा होता, द्वेष करायला. छायाचित्र थेट छापण्याची सोय तेव्हा वर्तमानपत्रांत नव्हती. चित्रावरून लाकडी ठोकळा कोरून तो छापत, त्यामुळे मूळ चित्र कुणाचे हे वाचकाला कळायला मार्गच नसे. लंडनच्या सचित्र साप्ताहिकात नानासाहेब म्हणून जे चित्र झळकले, ते खरे तर लष्कराला पुरवठा करणाऱ्या एका कंत्राटदाराचे होते, अशी हकीकत ९३ व्या हायलँडर्समध्ये लढलेल्या विल्यम फोर्ब्स-मिचेलने आपल्या आठवणींत दिली आहे. त्यानंतर कितीतरी वर्षे नानासाहेब म्हणून माणसे पकडली जात होती. १८७४ मध्ये ग्वाल्हेरला असाच एक जण धरून कानपूरला ओळख पटवायला नेला, आणि ती पटली नाही.

आपल्याकडे त्या वेळी कॅमेरे नव्हते म्हणून असे झाले, हे म्हणणे बरोबर नाही. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिथले नावाजलेले छायाचित्रकार होते. खुद्द लखनौत अहमद अली खान होता. १८५७ च्या आधी तिथल्या इंग्रज कुटुंबांची व्यक्तिचित्रे त्याने काढली, त्यांतले पुष्कळ जण पुढे वेढ्यात मेले, आणि उठाव झाल्यावर तो उठाववाल्यांच्या बाजूला गेला. हात तयार होते, काचा होत्या, रसायने होती. पण लढणाऱ्या फौजेबरोबर गाडीभर सामान घेऊन हिंडायची मुभा, मागे पैसा लावणारा प्रकाशक, पुढे विकत घेणारे गिऱ्हाईक, हे सगळे फक्त एकाच बाजूला होते.

मला दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. एक असा की त्या काळच्या माणसांना आजचे नियम लावू नयेत. मान्य. बिआटो किंवा गार्डनर यांच्यावर मी खटला भरत नाही. माझी तक्रार आजच्या छापणाऱ्यांबद्दल आहे, ज्यांना हे सगळे शोध उपलब्ध आहेत आणि तरी ते ओळ लिहीत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. समाजाला आपल्या वीरांचे चेहरे लागतात, आणि पुराव्याचा फार आग्रह धरला तर भिंती रिकाम्या राहतील. यावर आपल्याच इतिहासातला दाखला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच माणसाचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून छापले जात होते. वा. सी. बेंद्रे यांनी कागदपत्रे धुंडाळून व्हॅलेंटाइन या डच माणसाच्या ग्रंथाशी निगडित असलेले समकालीन चित्र पुढे आणले आणि १९३० च्या दशकात ते महाराष्ट्रासमोर ठेवले. लोकांनी जुने चित्र टाकले, नवे स्वीकारले. महाराजांवरची श्रद्धा त्याने कणभरही उणावली नाही. ज्या समाजाने एवढे केले, त्याला बारकावे नको असतात असे कुणी कसे म्हणावे?

म्हणून माझे मागणे फार मोठे नाही. पाठ्यपुस्तकात, संग्रहालयात, वर्तमानपत्रात, चौकातल्या फलकावर, जिथे जिथे एकोणिसाव्या शतकातले युद्धचित्र लागेल तिथे त्याखाली ते कुणी काढले, घटनेनंतर किती दिवसांनी काढले, कुणाच्या छावणीत राहून आणि कुणाला विकण्यासाठी काढले, आणि त्यात काय हलवले वा जोडले हे चार वाक्यांत लिहावे. सेनापतीचे नाव असेल तर त्या लढाईत मेलेल्यांबद्दल जेवढे माहीत आहे तेवढे त्याच आकाराच्या अक्षरांत लिहावे. कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेल्या चेहऱ्यावर तसा शिक्का असावा, काठावर नव्हे, चित्रावरच. आणि ज्याचे चित्र नाही त्याची चौकट कोरी ठेवावी, तीत त्या माणसाविषयीचे त्या काळचे शब्द लिहावेत. मुले ते वाचतील. कोऱ्या चौकटीपाशी थांबून ‘इथे चित्र का नाही?’ असे विचारणारे मूल मला कुठल्याही रंगवलेल्या चित्रापेक्षा आशादायक वाटते.

सिकंदर बागेबद्दल एक सांगायचे राहिले. नानासाहेबांच्या चित्राची गोष्ट लिहिणारा तो फोर्ब्स-मिचेल या लढाईत होता. त्याने लिहिले आहे की अंगणातल्या मोठ्या पिंपळाखाली बरेच इंग्रज सैनिक मरून पडलेले दिसले, आणि त्यांना गोळ्या वरून लागलेल्या होत्या. त्याच्या एका साथीदाराने झाडावर नेम धरला. खाली जे शरीर कोसळले ते एका बाईचे निघाले. तिच्याजवळ घोडदळाची दोन जड जुनी पिस्तुले होती. गोळी घालणारा तो शिपाई रडला. फोर्ब्स-मिचेलला तिचे नाव माहीत नव्हते. बिआटोच्या चित्रात ती नाही, निदान ओळखू येईल अशी नाही. त्या हाडांत असलीच तर दोन हजारांतली एक. अवधच्या पासी समाजाने मात्र तिला नाव दिले, उदादेवी. सिकंदर बागेच्या चौकात आज तिचा पुतळा आहे, हातात बंदूक घेतलेला. हा चेहरा शिल्पकाराच्या कल्पनेतला आहे हे सर्वांना ठाऊक आहे, कुणी त्याला छायाचित्र म्हणत नाही. दर १६ नोव्हेंबरला लोक तिथे जमतात आणि तिचे नाव घेतात.